वळून बघा की

मोनाला गावं दिसायची.

म्हणजे ती कुठं जायची असं नव्हे. कोल्हापूरच्या एसटी स्टँडावर, चौकशीच्या खिडकीशेजारचा लाकडी जिना चढून गेलं की वर काचेची एक खोली होती. त्या खोलीत ती दिवसभर गाड्या पुकारत बसलेली असायची. पण माइकचं बटण दाबून तिनं ‘मलकापूर’ म्हटलं की काचेपलीकडं धुकं उतरायचं, आणि त्या धुक्यात एक ओला रस्ता घाटाकडं वळत जायचा. ‘गारगोटी’ म्हटलं की कुणीतरी पितळी ताटात गोट्या ओतल्यागत वाजायचं. ‘पेठ वडगाव’ म्हणताना बाजारात उभ्या असलेल्या बैलांच्या गळ्यातली घुंगरं हलायची. यातलं एकही गाव तिनं पाहिलेलं नव्हतं. ती कसबा बावड्याची. घरी चार म्हशी, बाप केरबा, आई बायडाबाई आणि थोरला भाऊ अमरसिंह. बावडा ते स्टँड आणि स्टँड ते बावडा, एवढाच तिचा प्रवास. पण जगातल्या सगळ्या गाड्या तिच्या सांगण्यावर सुटायच्या, असं तिला मनातून वाटायचं.

खालच्या माणसांना ती कधी दिसली नाही. माणसं कर्ण्याकडं तोंड वर करून ऐकायची, काही तर त्या कर्ण्यालाच ‘व्हय’ म्हणून मान डोलवायची. स्टँडावरची बाई म्हणून तिचा आवाज सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होता. कुणाला वाटायचं बाई पन्नाशीची असणार, कुणाला वाटायचं गोरीपान आणि पुण्याची असणार. होती ती पंचविशीची, सावळी, आणि डब्यात रोज भाकरी आणि खर्डा आणणारी.

कारण माइकवर ती बोलायची ती भाषा तिची नव्हतीच. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ हे वाक्य तिच्या घरात कुणाच्या तोंडी सात पिढ्यांत आलं नसेल. ती भाषा तिला आण्णांनी शिकवली. आण्णा म्हणजे खाली बसणारे वाहतूक नियंत्रक, खाकी कपड्यातले, तोंडात कायम बडीशेप.

"मोना, माइक म्हंजे सरकार," ते म्हणायचे. "सरकारला ‘की’ नसते. ‘गाडी लागली की’ असं सरकार म्हणत न्हाय. ‘गाडी लागत आहे.’ बास."

बावड्यात ‘की’शिवाय वाक्य संपत नाही. जेव की, बस की, व्हय की, न्हाय की. राग असो, माया असो, शेवटाला ‘की’ येते आणि वाक्याला हात फुटल्यासारखं होतं, समोरच्याचा सदरा धरणारा हात. माइकवर मोना ते हात बांधून ठेवायची.

एकदाच सुटले. एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन मलकापूरच्या गाडीमागं पळत होती. गाडी फलाटावरून हलली होती, कंडक्टर दुसऱ्याच बाजूला बघत होता, आणि वरून मोनाला ते सगळं चित्रातल्यासारखं दिसत होतं. तिनं बटण दाबलं. कर्ण्यातून अख्ख्या स्टँडावर आवाज घुमला:

"अवो डायवर, मागं वळून बघा की."

गाडी थांबली. स्टँड हसलं. म्हातारी चढली आणि चढताना तिनं कर्ण्याला नमस्कार केला. आण्णा जिना चढून वर आले आणि म्हणाले, "सरकार लई मायाळू झालं आज." आणि जाता जाता तिच्या हातावर बडीशेप ठेवून गेले.

गाणं तिला लागलं ते त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकात. गल्लीच्या टोकाला चनबसाप्पा मास्तर राहायचे. संकेश्वरकडचे, घरात कानडी, दारात मराठी. पेटी शिकवायचे. शाळेतून येताना मोना त्यांच्या खिडकीखाली थांबायची, आणि एकदा त्यांनी आतूनच विचारलं, "कोण अव्वा? बाहेर उभं राहून सूर गळतो. आत ये." सगळ्या पोरींना ते अव्वाच म्हणायचे. त्यांच्याकडं तिनं नाटकातली पदं शिकली. त्या पदांत चांदणं असायचं, नाव असायची, कुणीतरी कुणालातरी सोडून निघालेलं असायचं. मोना म्हशींना पाणी दाखवतानाही ती पदं म्हणायची, आणि म्हशी पाणी प्यायचं सोडून कान हलवत उभ्या राहायच्या.

"आ वर तान कुणीही घेतो," मास्तर म्हणायचे. "तोंड उघडलं की आ. ई वर घेऊन दाखव. ई ला तोंड हसल्यासारखं होतं बघ. आत रडू असलं तरी तोंड हसतं. म्हणून ई अवघड."

मोना ई वर तान घ्यायला शिकली. तिचा उपयोग काय, हे तिला ठाऊक नव्हतं.

मग दोन हजार सात साली टीव्हीवर ती जाहिरात आली. ‘संगीत चंद्रनौका’ नावाचं नवं संगीत नाटक येणार होतं, आणि त्याची नायिका महाराष्ट्रातून निवडायची होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, दर शनिवारी. कार्यक्रमाचं नावच ‘नायिका हवी’.

अमरसिंहानंच तिचं नाव दिलं. तिला सांगितलं नंतर.

"मी न्हाय जात," मोना म्हणाली. "माझं तोंड हाय का टीव्हीचं?"

"तोंडाचं काय घिऊन बसलीस," बायडाबाई म्हणाली. "पावडर लावून माणूस वळखू येत न्हाय. माझ्या लग्नात तुझ्या बाला मी वळखलं न्हवतं."

केरबा धार काढत होता. तो म्हशीच्या पोटाला टेकवलेलं डोकं न उचलता म्हणाला, "जाऊन ये. कर्ण्यातनं किती दिस बोलणार?"

हे वाक्य मोनाच्या मनात रुतलं. तिला पहिल्यांदा वाटलं की आपणही दिसावं. आवाजाला तोंड असावं. खाली उभ्या असलेल्या माणसांनी कर्ण्याकडं नव्हे, आपल्याकडं बघावं.

कोल्हापुरातल्या चाचणीत ती गायली आणि परीक्षकांनी तिला दुसरं पद म्हणायला लावलं. परीक्षक दोघं. एक दिग्दर्शक देवस्थळी, चंद्रनौका तेच बसवणार होते. दुसऱ्या इंदुताई, जुन्या काळच्या नायिका, डोळ्यांना जाड भिंग आणि अंगावर नेहमी शाल. गाणं झाल्यावर देवस्थळींनी तिला नाव-गाव विचारलं, काय करतेस विचारलं, आणि शेवटी म्हणाले, "मुंबईला येशील?"

"येतो की," मोना म्हणाली.

इंदुताई गालात हसल्या. देवस्थळी हसले नाहीत. "दोन गोष्टी," ते म्हणाले. "‘येतो’ नाही, ‘येते’. आणि ती ‘की’ इथंच ठेवून ये. चंद्रनौकेची नायिका राजकन्या आहे. राजकन्या ‘की’ म्हणत नाही. तसं झालं तर लोक तिला सखी समजतील."

सखी म्हणजे नायिकेच्या मागं उभी राहून हशा मिळवणारी. मोनाला ते कळलं. ‘येतो’चं ‘येते’ तिनं लवकर केलं, पण ‘की’ जाईना. तिला वाटायचं गेली, आणि वाक्याच्या शेवटाला ती उंबऱ्यावरच्या मांजरागत बसलेली असायची.

घरानं मग हे काम अंगावर घेतलं. केरबानं कायदा काढला: घरात जो ‘की’ म्हणील त्यानं गोठ्यातलं शेण काढायचं. पोरीच्या कानावर ‘की’ पडायलाच नको.

पहिल्याच सकाळी अमरसिंह म्हणाला, "हे सोपं हाय की." आणि खोरं घेऊन गोठ्यात गेला. दुपारी बायडाबाई गेली. संध्याकाळी स्वतः केरबा. पुढच्या दिवशी घरात कुणी बोलेचना. बोलणार कसं? जेवायला बस म्हणायचं तर ‘की’ येते, म्हणून बायडाबाई नुसतं ताट आपटायची. शेजारची बाळाबाई ताक मागायला आली आणि घरातली शांतता बघून दारातच घाबरली.

"काय झालंय? कोण गेलं?"

बायडाबाईनं मान हलवली. तोंड उघडलं, मिटलं. शेवटी म्हणाली, "कोण न्हाय गेलं. राजकन्या व्हायलीय."

त्या आठवड्यात बावड्यात एवढा स्वच्छ गोठा कुणाचाच नव्हता.

मोनाला मात्र वाट दुसरीकडंच सापडली. ‘की’शिवाय बोलणारी एक बाई तिच्या आत होतीच, काचेच्या खोलीतली. मुंबईच्या स्टुडिओत दिवे लागले की ती मनातल्या मनात तो लाकडी जिना चढायची, बटण दाबायची, आणि राजकन्या बोलायला लागायची. ‘नाथ, प्रस्थानाची घटिका समीप आली आहे.’ हे तर गाडी पुकारण्यासारखंच होतं. समोर प्रेक्षक नसायचे, फलाट असायचे. वर रंगीत दिवे फिरायचे आणि तिला वाटायचं कुठलीतरी लांबची गाडी वळण घेतेय. शनिवारमागून शनिवार पोरी गळत गेल्या, आणि मोना राहिली.

स्टँडावर आता कर्ण्यातून आवाज आला की लोक वर बघून हात करायचे. पण एसएमएस करून मत द्यायचं तर तिच्या नावापुढं काय लिहायचं, यावरून आण्णांच्या खिडकीत भांडणं व्हायची. आण्णा चष्मा कपाळावर सरकवून एकेकाच्या मोबाइलवर मत टाकून द्यायचे आणि मागं गाड्या खोळंबायच्या.

शेवटी दोघीच उरल्या. मोना आणि पुण्याची केतकी. केतकी गुणी होती, आवाज तलम, बोलणं कसं धुऊन इस्त्री केलेलं. मेकअपच्या खोलीत तीच मोनाच्या केसांत गजरा माळायची. बायडाबाईला मात्र एकच गोष्ट खुपली.

"आमच्या पोरीला ‘की’ टाकायला लावली," ती टीव्हीपुढं म्हणाली, "आनि त्या पोरीच्या नावातच ‘की’ हाय. तिला कोण बोलंना."

शेवटच्या फेरीआधी इंदुताई मोनाजवळ येऊन बसल्या. शालीतून हात काढून तिच्या गुडघ्यावर ठेवला. "स्वच्छ म्हणतेस गं," त्या म्हणाल्या. "पण तुझा राजपुत्र निघून चाललाय, आणि तू मला वेळापत्रक सांगतेयस." मोनानं नुसती मान हलवली. बोलली असती तर ‘की’ आली असती.

शेवटचा प्रवेश दोघींना एकच होता. नदीकाठ, निळा उजेड, धुराचं धुकं. राजपुत्र नावेत पाठमोरा उभा. नावेला खाली चाकं होती आणि आतून दोरीनं ती ओढायची. राजकन्येनं भाषण म्हणायचं, मग पद सुरू करायचं, आणि पदाच्या शेवटच्या ओळीला नाव हलायची. ओळ अशी होती: ‘नाव निघाली दूर साजणा, वळुनी एकदा पाहा.’ तो वळत नाही. त्यावर पडदा.

केतकीनं ते सुंदर केलं. टाळ्या बराच वेळ चालल्या.

मोना उभी राहिली. ती मनातला जिना चढली, बटणावर बोट ठेवलं. भाषण झालं. पद निघालं. धुकं पायांवरून सरकत होतं आणि तिला ते ओळखीचं वाटलं, मलकापूरचं. आणि मग आत दोरी धरणाऱ्याचा काहीतरी घोटाळा झाला. पद अर्ध्यावर असतानाच नाव हलली.

मोनाला दिसलं ते एवढंच, की गाडी सुटलीय. सुटलीय आणि कुणीतरी मागं राहिलंय, डोक्यावर गाठोडं घेऊन. आणि ते मागं राहिलेलं माणूस आपणच आहोत. काचेची खोली कुठं गेली कुणास ठाऊक. मधलं कडवं सोडून ती थेट शेवटच्या ओळीवर गेली, आणि ओळ ‘पाहा’वर थांबलीच नाही.

‘वळुनी एकदा पाहा की.’

त्या ‘की’वर तिनं तान घेतली. ई वरची, अवघड. तिचं तोंड हसल्यासारखं झालं आणि डोळे भरून आले. ऑर्गनवाल्या म्हाताऱ्यानं एक क्षण मान वर करून पाहिलं, मग तो सूर धरून तिच्यामागं निघाला, जसं कुणी कंदील घेऊन मागं चालावं. नाव जात राहिली. तान जात राहिली. धुक्यात दोन्ही विरल्या.

इंदुताई खुर्चीत पुढं सरकल्या.

"ती ‘की’ कुठून आली गं?" इंदुताईंनी विचारलं.

"चुकून आली," मोना म्हणाली.

देवस्थळींनी पेन खाली ठेवलं, परत उचललं. "गाण्याला पूर्ण गुण," ते म्हणाले. "पण संहिता मोडलीस. कडवं सोडलंस, आणि त्या ‘की’चं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." त्यांचं तोंड कडू झालेलं होतं. रागानं नव्हे, बहुधा दुसऱ्याच कशानं.

नायिका केतकी झाली. मोनाला मोठा गुच्छ मिळाला, तो गाडीत पाय ठेवायच्या जागेत मावेना म्हणून अमरसिंहानं कोल्हापूरपर्यंत मांडीवर धरला. घरी आल्यावर केरबा म्हणाला, "आता बोला सगळी, बोला की." आणि घर एकदम बोलायला लागलं.

मोना परत काचेच्या खोलीत गेली. ‘बांबवडे, मलकापूरमार्गे रत्नागिरीला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागत आहे.’ थोडे दिवस लोकांनी हात केले, मग लोकांना घाई झाली. गावं मात्र पहिल्यासारखी दिसेनात. मलकापूर म्हटलं की धुकं यायचं, पण त्यात रस्ता नसायचा. एक नाव असायची, पाठमोरी.

पुढच्या थंडीत चंद्रनौका कोल्हापूरला आली. केशवराव नाट्यगृहात, रविवारी संध्याकाळी. अमरसिंहानं घरच्यांची तिकिटं आणली, पुढून पाचव्या रांगेतली, आणि मोनाचं तिकीट हातातच ठेवून म्हणाला, "तू नको येऊस. कशाला जिवाला तरास?"

"येतो की," मोना म्हणाली.

पण तिची ड्युटी लांबली, आणि ती पोचली तेव्हा पहिला अंक सुरू झालेला. अंधारात पुढं जायला नको म्हणून ती अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. समोर सगळी डोकी, त्यापलीकडं निळा उजेड. वरून स्टँड बघितल्यासारखंच. तिला बरं वाटलं. केतकी चांगलीच करत होती. आपण हिच्या जागी असतो तर, असं मोनाला वाटलं, आणि मग आश्चर्य म्हणजे तेवढंसं वाईट वाटलं नाही. स्वप्नात दुसऱ्याच्या घरात फिरावं तसं ती बघत राहिली.

शेवटचा प्रवेश आला. नदी, धुकं, नाव. ऑर्गनवर तोच म्हातारा. केतकीनं पद उचललं, शेवटच्या ओळीवर आली.

‘नाव निघाली दूर साजणा, वळुनी एकदा पाहा की.’

ठेवली होती. देवस्थळींनी ती ‘की’ नाटकात ठेवली होती. तिला कुणी कळवलं नव्हतं, विचारलं नव्हतं. तिच्या घरातली वस्तू परक्याच्या कपाटात मांडून ठेवलेली दिसावी, तसं झालं. आणि केतकीची ‘की’ होतीही तशीच, मांडून ठेवलेली. नीट, बारीक, कुणाचा सदरा न धरणारी.

पाचव्या रांगेतून बायडाबाईचा आवाज आला. ती हळू बोलली होती, पण बायडाबाईचं हळू म्हणजे गल्लीला ऐकू जाणारं.

"बारीक झाली की."

प्रेक्षकांत हशा पिकला. मग कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर." मग दुसरा, मग सगळंच नाट्यगृह. कोल्हापूरनं वन्स मोअर मागितला की द्यावाच लागतो. आत दोरी उलटी ओढली गेली, नाव धक्के खात मागं आली, राजपुत्र परत पाठमोरा उभा राहिला. ऑर्गनचा सूर लागला.

केतकीनं ओळ घेतली. या खेपेला जीव तोडून घेतली. ‘वळुनी एकदा पाहा’ म्हणाली, आणि पुढं जे यायचं त्याच्यासाठी तिनं श्वास घेतला. तेवढा श्वास लांबला. कदाचित मघाचा हशा कानात असेल. सूर धरून ठेवलेला, नाव हललेली, आणि ओळ अर्धी.

गाडी सुटलीय, मोनाला वाटलं.

तिनं कसलं बटण दाबलं नाही. ती उभीही राहिली नाही. बसल्या जागी, अंधारात, तिनं ‘की’ म्हटली.

ती वर गेली. ई वरून तान निघाली, डोक्यांवरून, पंख्यांखालून, रंगमंचाच्या निळ्या उजेडापर्यंत. ऑर्गनवाल्या म्हाताऱ्यानं तिकडं पाहिलंही नाही. त्याला आवाज ठाऊक होता, त्याची बोटं आपोआप मागं निघाली. केतकीनं घेतलेला श्वास तसाच हळू सोडला, आणि तिच्या तोंडावर हसू आलं. मोनाच्या पुढच्या रांगेत एक फेटेवाला बसला होता, कुठल्यातरी गाडीनं आलेला असणार. मान न वळवता तो शेजाऱ्याला म्हणाला, "आवाज वळखला का? स्टँडावरची हाय."

शेजाऱ्यानं मान वळवली. मग फेटेवाल्यानं. मग त्यांच्या पुढच्यांनी. रांगेमागून रांग वळत गेली, वाऱ्यावर ऊस वळावा तशी. पाचव्या रांगेत केरबा उभाच राहिला. केतकीनं कपाळावर हात धरून उजेडाआडून अंधारात बघायला सुरुवात केली. आणि नावेतला राजपुत्र, ज्यानं सबंध नाटकात कधी वळायचं नव्हतं, तोही वळला.

मोनाची तान अजून चालू होती. तोंड हसल्यासारखं झालेलं, आणि आत काय होतं ते तिचं तिलाच ठाऊक. सगळं नाट्यगृह मागं वळून तिच्याकडं बघत होतं.